दारात ‘बिस्मिल्ला’ची रांगोळी काढली तर चालेल का?

प्रश्न: सर, शेजारच्या भाभींकडून दर ईदला शिरखुर्मा येतो, यंदा लेक म्हणतेय त्यांच्या दारात अरबीत ‘बिस्मिल्ला’ची रांगोळी काढून सरप्राइज देऊ. विजापूरचा इब्राहिम रोझा बघून आल्यापासून हेच डोक्यात. चालेल का? आणि तिथं चित्रं सोडून नुसती अक्षरंच का हो?
– एक आई, सांगली

उत्तर: ताई, लेकीचा विचार झकास, पण रांगोळी नको. बिस्मिल्ला हे कुराणातलं वचन, त्यात अल्लाहचं नाव, आणि रांगोळी म्हटल्यावर कुणाचा तरी पाय पडणार, दुसऱ्या दिवशी केरसुणीनं भरली जाणार. भाभी तोंडावर बोलणार नाहीत पण अवघडतील. कागदावर काढून फ्रेम करून द्या की. रांगोळीत मराठीत ‘ईद मुबारक’ लिहा, फुलं काढा, खुशाल.

आता चित्रांचं. मुसलमान राजांकडं चित्रं नव्हती असं अजिबात नाही, इब्राहिम रोझा ज्याची कबर आहे त्या विजापूरच्या सुलतान इब्राहिम आदिलशहाच्या (दुसरा) दरबारात एक से एक चित्रकार होते. पण मशिदीत आणि कुराणात माणसं-प्राणी काढत नाहीत, आणि कुराण म्हणजे साक्षात अल्लाहचे शब्द ही श्रद्धा, मग ते सुंदर लिहिणं हीच इबादत झाली, कित्येकजण वजू करूनच, म्हणजे नमाजाआधी धुतात तसं हात-तोंड-पाय धुऊनच, कलम हातात घ्यायचे. रोझ्याच्या खिडक्या नीट बघितल्या का? ती जाळी म्हणजे दगडात कोरलेली अरबी वाक्यंच आहेत, अक्षरांच्या मधल्या फटींतनं उजेड आत येतो. माझ्या मते ताजमहालच्या अक्षरांपेक्षा हे भारी, पण आपल्याकडची माणसं गोलघुमटात ओरडून परत येतात.

आणि हे मनाला येईल तसं वळवलेलं नसतं बरं का. दहाव्या शतकात बगदादचा वजीर इब्न मुक्ला यानं माप बसवून दिलं असं मानतात. बोरूचं टोक तिरकं कापायचं, कागदावर टेकवून जरा ओढलं की पत्त्यातल्या चौकटसारखा ठिपका उमटतो, तोच ठिपका मोजायला घ्यायचा. नस्ख नावाच्या लेखनशैलीत अलिफची, म्हणजे अरबीतल्या पहिल्या अक्षराची, उभी रेघ साधारण 5 ठिपके, सुलुस या दुसऱ्या शैलीत 7, बोरू जाड घेतला की ठिपका मोठा आणि अक्षरंही त्याच हिशेबात मोठी.

लेकीला सांगा, नेटवरचं बघून अंदाजानं गिरवू नको. बिस्मिल्लाचं पहिलंच अक्षर बे, त्याच आकाराला खाली एक ठिपका दिला की ब, वर दोन दिले की त, म्हणजे ठिपका हुकला की वचनच बिघडलं. आधी पेन्सिलनं काढून भाभींनाच दाखवा, सरप्राइज फुटलं तर फुटू दे. बोरू नाही मिळाला तर तिरक्या टोकाचा मार्कर चालतोय सुरुवातीला.