घरातल्या फ्लडलाइटवर मुलांचे फोटो : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची आहे. यंदा वाढदिवसाला तिला स्टुडिओत न नेता घरीच चांगले फोटो काढायचे ठरवले. घराच्या रंगकामाच्या वेळी आणलेला ५०० वॅटचा हॅलोजन माळ्यावर पडून होता आणि अंगणासाठी घेतलेला ५० वॅटचा एलईडी फ्लडलाइटही घरात होता. दोन्ही तिच्यासमोर लावून पाहिले. ती डोळे बारीक करते, कपाळाला घाम येतो, गाल चकाकतात आणि मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली पडते. एवढा उजेड असूनही फोटो का बिघडतात? सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे पांढरे कापड ताणलेली पेटी) विकत घ्यावा लागेल का? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सॉफ्टबॉक्सवर खर्च करू नका. तुमच्याकडे उजेड भरपूर आहे. तो ज्या जागेतून येतो, ती जागा मात्र फार लहान आहे. फ्लडलाइटची काच जेमतेम वीतभर असते आणि सहा फुटांवर बसलेल्या मुलीच्या दृष्टीने ती एखाद्या ठिपक्यासारखीच असते. अशा ठिपक्यातून आलेला प्रकाश एकाच दिशेने येतो, म्हणून नाकाची, हनुवटीची सावली सुरीने कापल्यासारखी पडते. भर दुपारच्या उन्हात हेच घडते आणि ढग आले की तेच ऊन सगळ्या आभाळभर पसरून मऊ होते. लग्नात फोटोग्राफर पांढरी छत्री लावतात, तीही एवढ्याचसाठी. तेव्हा दिवा मुलीकडे वळवू नका. तो एखाद्या मोठ्या पांढऱ्या पृष्ठभागावर टाका आणि तिथून परतलेल्या उजेडात तिला बसवा.

हा पृष्ठभाग म्हणजे घरातली पांढरी डबल चादर. खोलीत दोरी बांधून चादर चिमट्यांनी ताणून लावा. ती मुलीच्या एका बाजूला, किंचित पुढे, तीन फुटांच्या आसपास असावी आणि तिची वरची कड मुलीच्या डोक्यापेक्षा दीड-दोन फूट उंच असावी, म्हणजे उजेड थोडा वरून उतरतो. एलईडी दिवा स्टुलावर ठेवून त्याचे तोंड चादरीकडे करा, असे की मुलीला दिव्याची पाठ दिसेल, काच दिसणार नाही. दिव्यापासून चादर तीन-चार फुटांवर राहिली, तर उजेडाचा डाग पुरेसा मोठा होतो. डाग लहान दिसला तर दिवा मागे घ्या.

भिंत पांढरी असेल तर चादरीचीही गरज नाही. पण आपल्याकडे घरांच्या भिंती पिस्ता, गुलाबी किंवा आंबा रंगाच्या असतात, आणि भिंतीवरून परतणारा उजेड तिचा रंग घेऊन येतो. पिस्ता रंगाच्या भिंतीजवळ बसवलेल्या मुलाचा गाल फोटोत आजाऱ्यासारखा हिरवट दिसतो, आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो. चादर निवडतानाही ती नीळ जास्त झालेली नाही ना, हे पाहून घ्या.

मांडणी जमली की नाही, हे फोटो काढण्याआधीच कळते. मुलीच्या जवळ जाऊन तिच्या बुबुळात पाहा. दिवा थेट असेल तर तिथे टाचणीच्या डोक्याएवढा झगझगीत ठिपका दिसतो; चादर नीट लागली असेल तर खिडकीसारखा एक मोठा, फिकट चौकोन दिसतो. डोळ्यांत जीव वाटतो तो या चौकोनामुळे. मग नाकाची सावली बघा. तिची कड गालावर विरघळत गेलेली दिसली, की काम झाले. दुसरा गाल फारच काळवंडत असेल तर त्या बाजूला एखाद्या मोठ्या माणसाने पांढरा पंचा पसरून धरावा. मी हा पंचा क्वचितच वापरतो, कारण दोन्ही गाल सारखे उजळले की लहान मुलाच्या चेहऱ्याची गोलाई नाहीशी होते, आणि ती गोलाईच तर आपल्याला जपायची असते.

मागच्या भिंतीवरच्या सावलीचा उपाय सोपा आहे : मुलीला भिंतीपासून चार-पाच फूट पुढे बसवा.

आता हॅलोजनविषयी. चेहऱ्याचा, ओठांचा रंग हॅलोजनखाली फार सुंदर येतो आणि स्वस्त एलईडीखाली लाल छटा मरगळलेल्या दिसतात, हे मला मान्य आहे. तरीही मुले वावरत असलेल्या खोलीत हॅलोजन लावू नये, असेच माझे मत आहे. त्याची बहुतेक वीज उष्णतेत जाते. तुमच्या मुलीच्या कपाळावरचा घाम त्याचाच आहे. काही वर्षांपूर्वी मी स्वतः अशा दिव्याच्या जाळीला बटर पेपर चिमट्यांनी लावला होता. पाच मिनिटांच्या आत कागद मधोमध तपकिरी झाला आणि जळकट वास सुटला. शेजारी मूल होते. त्यानंतर मी हॅलोजन मुलांच्या फोटोंसाठी लावलेला नाही. एलईडी दिव्याच्या बाबतीतही दोन गोष्टी पाळा : धातूच्या दिव्याला अर्थिंग असलेली तीन पिनांचीच वायर असावी, आणि ती वायर मुलीच्या पायवाटेत न येता भिंतीच्या कडेने न्यावी. स्टुलावरचा दिवा दोरीने स्टुलाला बांधून टाका.

प्रश्न : एलईडी फ्लडलाइटवर मोबाइलने मुलाचे फोटो काढले की त्यांत आडवे काळसर पट्टे येतात. शिवाय चेहऱ्याची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळसर दिसते. दिवा खराब आहे का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दिवा खराब असेलच असे नाही. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची असते आणि प्रत्येक आवर्तनात उजेड दोनदा चढतो-उतरतो, त्यामुळे स्वस्त एलईडीचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते जाणवत नाही. पण मोबाइलचा सेन्सर चित्र एकदम न टिपता ओळीओळीने वाचतो, त्यामुळे काही ओळींच्या वाट्याला जास्त उजेड येतो आणि काहींच्या वाट्याला कमी. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सगळे हाताने ठरवता येते) जाऊन शटर, म्हणजे सेन्सरने उजेड घेण्याचा वेळ, १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवा, म्हणजे प्रत्येक ओळीला उजेडाची पूर्ण आवर्तने मिळतात आणि पट्टे जातात. नवा दिवा घेताना दुकानातच तो लावायला सांगा आणि मोबाइलचे शटर १/१००० वर नेऊन उजळलेल्या भिंतीकडे पाहा. पट्टे सरकताना दिसले तर दुसरा दिवा मागा.

अडचण अशी, की १/१०० या वेगाला धावणारे मूल अस्पष्ट येते. त्याला ‘हलू नकोस’ म्हणून काहीही साधत नाही आणि चेहराही आवळला जातो. त्यापेक्षा हातांना काम द्या. परातीत शेंगा सोलायला द्या, चणे-वाटाणे वेगळे करायला सांगा. मूल त्यात गढून जाते आणि अधूनमधून स्वतःच वर बघते. तो क्षण टिपण्यासाठी तयार राहा. चादरीवरून परतवलेल्या ५० वॅटच्या उजेडात आयएसओ (कॅमेरा उजेड किती वाढवून दाखवतो, तो आकडा) ४०० ते ८०० च्या दरम्यान ठेवावा लागेल. फोटोत थोडे बारीक दाणे दिसले तरी चालतील.

रंगाचा गोंधळ दोन प्रकारचे दिवे एकत्र लागल्यामुळे होतो. बाजारातले बहुतेक पांढरे एलईडी ६५०० केल्व्हिनच्या (उजेडाचा रंग मोजण्याचे एकक) आसपासचे, म्हणजे निळसर असतात. पिवळा बल्ब २७०० च्या जवळ असतो. कॅमेरा एका वेळी एकाच रंगाला पांढरा मानू शकतो. म्हणून खोलीतले बाकी सगळे दिवे बंद करा, दिवसा पडदे ओढा, आणि मुलाच्या जागी पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने पांढरा कशाला मानायचे ते, ठरवून घ्या.

प्रश्न : बाळ पाच महिन्यांचे आहे. उष्टावणाला संध्याकाळी फोटो काढायचे आहेत. फ्लडलाइट चालेल का? — एक वाचक, इंदूर

उत्तर : बाळाकडे तोंड करून मुळीच नाही. एवढी लहान मुले झगझगीत उजेडाकडे टक लावून पाहतात आणि मान वळवून सुटका करून घेणे त्यांना जमतेच असे नाही. शक्य असेल तर दिवसा, ऊन थेट न येणाऱ्या खिडकीजवळ पातळ पडदा लावून फोटो काढा आणि झोपलेल्या बाळाचे डोके खिडकीच्या बाजूला ठेवा, म्हणजे उजेड कपाळाकडून हनुवटीकडे उतरेल. पाय खिडकीकडे असतील तर उजेड नाकपुड्यांत शिरतो आणि गोजिरा चेहरासुद्धा भेसूर दिसतो.

संध्याकाळीच फोटो हवे असतील, तर दिवा बाळाच्या डोक्याकडच्या कोपऱ्यात, त्याला काच दिसणार नाही असा कपाटाआड ठेवून त्याचा झोत वर, भिंत आणि छत मिळतात त्या जागी टाका. छताच्या मध्यावर टाकू नका. तिथे पंखा असतो, आणि फिरत्या पात्यांच्या सावल्या सगळ्या खोलीत नाचू लागतात. बाळासाठी पंखा तर चालूच ठेवावा लागणार.