घरच्या व्हर्च्युअलायझेशन सर्व्हरना बाहेरून जागं कसं करायचं आणि एरवी वीज कशी वाचवायची?

तुमच्याकडे प्रॉक्समॉक्सचे (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारी, लिनक्सवर आधारलेली प्रणाली) दोन सर्व्हर आहेत, दोन्ही चोवीस तास चालतात आणि खरा वापर दिवसाला तीन-चार तासच. ते एरवी बंद ठेवून बाहेरून हवे तेव्हा सुरू करता येतील का, असं तुम्ही विचारलंय. येतील. ६० वॅट खाणारं मशीन वर्षभर चालू राहिलं तर ५२५ युनिट जळतात. रोज ४ तासच चालवलं तर ८८. एवढ्या फरकासाठी एक शनिवार घालवायला हरकत नाही.

सुरुवात बायॉसपासून (मशीन सुरू होतानाच उघडता येणारी मूळ सेटिंग्ज) करा. वेक-ऑन-लॅन (नेटवर्कवरून 'मॅजिक पॅकेट' नावाचा खास संदेश पाठवून बंद मशीन सुरू करायची सोय) चालू करा आणि 'ईआरपी' नावाचं वीज वाचवणारं सेटिंग असेल तर ते बंद करा. ते चालू असलं की मशीन बंद होताच नेटवर्क कार्डाची वीजही तुटते. ओळखायची खूण सोपी आहे: मशीन बंद करा, मागे वाकून नेटवर्क पोर्टचा दिवा बघा. तो विझला असेल तर कार्डाला वीज मिळत नाही किंवा लिनक्सनेच ते झोपवलंय; पुढची पायरी करून पुन्हा बघा.

मग लिनक्समध्ये ईथटूल या कमांडने कार्डाची स्थिती बघा. 'वेक-ऑन'समोर 'डी' असेल तर ते बंद आहे, 'जी' हवं. हे मूळ कार्डावर करायचं, प्रॉक्समॉक्सच्या ब्रिजवर (आभासी मशीनना नेटवर्कशी जोडणारा आभासी स्विच) नाही. आणि रीबूटनंतर पुन्हा 'डी' होऊ नये म्हणून नेटवर्कच्या फाइलमध्ये पोस्ट-अपची ओळ टाका, म्हणजे कार्ड सुरू झालं की 'जी' पुन्हा लागेल.

आता बाहेरून जागं करणं. बरेच जण राउटरवर पोर्ट ९ उघडून मोकळे होतात. मीही तेच केलं होतं. सर्व्हर बंद करून लगेच तपासलं तर सुरू झाला, दोन तासांनी पाहिलं तर ढिम्म. बंद मशीनचा पत्ता राउटर थोड्या वेळाने विसरतो, मग पॅकेट कुठे द्यायचं हे त्याला कळत नाही. शिवाय मॅजिक पॅकेट म्हणजे ६ बाइट 'एफएफ' आणि पुढे मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) १६ वेळा, एकूण १०२ बाइट. साध्या रूपात त्यात पासवर्ड नसतो. म्हणून ते इंटरनेटवरून पाठवूच नका. रास्पबेरी पायसारखं एक छोटं यंत्र कायम जागं ठेवा, त्यावर वायरगार्ड (घरच्या नेटवर्कमध्ये बाहेरून सुरक्षित शिरायचं व्हीपीएन) बसवा, बाहेरून त्याच्यात शिरा आणि पॅकेट घरातूनच सोडा. डीएनएस वगैरे चोवीस तास लागणारी कामंही त्याच्यावरच हलवा, नाहीतर मोठा सर्व्हर कधी बंदच करता येणार नाही.

तुमचे दोन्ही सर्व्हर एकाच क्लस्टरमध्ये (एकत्र जोडलेला गट) असतील तर इथे नक्की अडकाल. एक बंद झाला की दुसऱ्याचा क्वोरम (निर्णयाला लागणारं मतांचं बहुमत) जातो: चालू असलेली व्हीएम (आभासी मशीन) चालत राहते, पण नवी सुरू होत नाही. त्याच रास्पबेरी पायवर क्यू-डिव्हाइस (फक्त मत देणारी छोटी सेवा) बसवलं की तिसरं मत मिळतं.

जागं करण्यापेक्षा वेळेवर बंद करणं जास्त अवघड आहे, कारण ते माणूस विसरतो. मी दर १५ मिनिटांनी चालणारी एक छोटी स्क्रिप्ट ठेवली आहे: एसएसएचवर (दुरून केलेलं लॉगिन) कोणी आहे का, बॅकअप चालू आहे का, कामाची व्हीएम चालू आहे का. लागोपाठ तीनदा 'नाही' आलं की शटडाउन. रॅममध्ये झोपवायचा मोह होईल, पण जागं झाल्यावर व्हीएमची घड्याळं मागे पडतात आणि काही डिस्क कंट्रोलर परत येत नाहीत. पूर्ण बंद करणंच बरं. त्यासाठी प्रत्येक व्हीएममध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट (प्रॉक्समॉक्सचा निरोप व्हीएमच्या आत पोचवणारा छोटा प्रोग्राम) असू द्या, म्हणजे ती नीट बंद होते.

आणखी एक. वीज जाऊन आली की काही कार्डं मशीन एकदा बूट होईपर्यंत पॅकेट ऐकतच नाहीत. बायॉसमध्ये 'वीज आल्यावर सुरू हो' हे ठेवा. मशीन उठेल, कार्ड तयार होईल आणि पाऊण तासाने स्क्रिप्ट त्याला परत बंद करेल.