इंदूरात फसवणूक झाली, पैसे राजस्थानातल्या खात्यात गेले, तर तपास कोण करणार?

तपास इंदूरचेच पोलीस करतील, कारण पैसे इथून गेले. ठाण्यात कोणी "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणालं तर ऐकून परत येऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या बीएनएसएस, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात झीरो एफआयआर नोंदवता येते आणि मग ती योग्य ठाण्याकडे जाते.

पण एफआयआरच्याही आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, आत्ताच, उद्यावर टाकू नका! कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असा भराभर सरकतो, आणि १९३०वर तक्रार गेली की ती बँकांपर्यंत पोचते न् जिथे पैसा सापडेल तिथे तो अडवता येतो, ही साखळी केंद्राच्या आयफोरसी ह्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रामार्फत चालते म्हणून राज्य वेगळं असलं तरी अडत नाही. आमच्या रामबागेतल्या मावशीने लाजेपोटी दोन दिवस कोणाला सांगितलंच नाही, तोवर खातं रिकामं झालेलं, अजून जीव तुटतो माझा.

आता आरोपी तिकडे सापडला तर इथली टीम जाते, तिकडच्या ठाण्याला कळवते, तिथल्या मॅजिस्ट्रेटकडून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला इकडे आणायची परवानगी, घेऊन त्याला आणते. ह्यात वेळ जातो, खरंच जातो. सीबीआय लगेच येत नाही, त्याला राज्याची संमती किंवा कोर्टाचा आदेश लागतो, जसं आपल्या मध्य प्रदेशातलं व्यापमं परीक्षा घोटाळ्याचं प्रकरण आधी राज्य पोलिसांच्या एसटीएफ ह्या खास पथकाकडे होतं, २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सीबीआयला दिलं.

तक्रार नंबर जपून ठेवा. ९० दिवसांत तपास कुठवर आला हे पोलिसांनी तुम्हाला कळवायला हवं, नाही कळवलं तर लेखी विचारा.