नाणे जितके जुने तितके महाग असते का, आणि लिलावात बोली लावण्यापूर्वी काय पाहावे?

जगभरची ऐतिहासिक नाणी जमवायला सुरुवात करताना वयावरून किंमत ठरवता येते का, आणि ऑनलाइन लिलावातील वर्णनावर कितपत विसंबावे, असे आपण विचारले आहे. मी बऱ्याच वर्षांपासून लिलावांत नाणी घेतो आणि अधूनमधून विकतोही. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देत आहे.

वयाचा मुद्दा आधी निकालात काढू. २०१० साली इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात फ्रोम गावाजवळच्या शेतात मातीचा एक मोठा रांजण सापडला आणि त्यातून ५२,५०३ रोमन नाणी निघाली, त्यांतील बहुतेक तिसऱ्या शतकातील. युरोपात असे साठे वारंवार सापडत असल्यामुळे सतराशे वर्षांपूर्वीचे साधे रोमन नाणे नवख्या संग्राहकालाही परवडते. उलट अमेरिकेचे १९३३ सालचे ‘डबल ईगल’ हे २० डॉलरचे सोन्याचे नाणे अजून शंभरीलाही पोहोचलेले नाही. टाकसाळीत अशी ४,४५,५०० नाणी पाडली गेली, परंतु सरकारने त्याच वर्षी सोन्याचे चलन बंद केल्यामुळे ती जवळजवळ सगळी वितळवण्यात आली. खासगी मालकीला कायद्याने मान्यता मिळालेले त्यांतील एकच नाणे २०२१ साली न्यूयॉर्कमधील लिलावात सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरना विकले गेले.

अर्थात, कमी नग शिल्लक आहेत एवढ्यानेही भागत नाही. प्राचीन ग्रीसमधील एखाद्या लहानशा नगरराज्याच्या तांब्याच्या नाण्याचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नमुने ज्ञात असतात, तरी ते घ्यायला कोणी पुढे येत नाही. दुसरीकडे, अथेन्सचे घुबडाचे चित्र असलेले, सुमारे १७ ग्रॅम वजनाचे चांदीचे नाणे हजारोंनी उपलब्ध असूनही प्रत्येक लिलावात हातोहात खपते, कारण ज्याला प्राचीन नाण्यांची गोडी लागते त्याला ते एकदा तरी आपल्याकडे असावे असे वाटतेच.

नाण्यावर कोरलेल्या सालावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा १७८० साली वारली, पण तिच्या चेहऱ्याचे मोठे चांदीचे नाणे, म्हणजे थेलर, तांबडा समुद्र आणि आफ्रिकेच्या व्यापारात इतके रुळले होते की तेच साल कायम ठेवून ते पुढे विसाव्या शतकापर्यंत व्हिएन्ना, लंडन, मुंबई, रोम अशा निरनिराळ्या टाकसाळींत पाडले जात राहिले. त्यामुळे ‘१७८०’ हा आकडा पाहून नव्हे, तर अक्षरांची घडण आणि झग्यावरील पिनेचे मणी यांसारखे बारकावे तपासूनच ते कोणत्या काळातले हे ठरवावे लागते. अमेरिकेच्या १८०४ सालच्या चांदीच्या डॉलरची गोष्ट तर याहून गमतीची आहे. मस्कत आणि सयाम (आजचे थायलंड) येथील राज्यकर्त्यांना भेट देण्यासाठी १८३४ साली नाण्यांचे संच तयार करायचे होते. डॉलर शेवटचा १८०४ मध्ये पाडला गेल्याची नोंद टाकसाळीच्या वहीत होती, म्हणून तेच साल कोरण्यात आले. वास्तविक १८०४ मध्ये पाडलेल्या डॉलरांवर आधीच्या वर्षांचे ठसे होते. पुढे टाकसाळीच्या कर्मचाऱ्यांनी गुपचूप आणखी काही नगही पाडले. असे एकूण १६ डॉलर आज ज्ञात आहेत, आणि त्यांतील एकही १८०४ चा नसूनही त्यांना जगातील सर्वाधिक प्रतिष्ठित नाण्यांत गणले जाते.

अवस्थेविषयी थोडक्यात सांगतो. आधुनिक नाण्यांची प्रतवारी १ ते ७० या मापाने होते. ते माप विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेच्या मोठ्या सेंट नाण्यांसाठी मांडले होते. वरच्या पायऱ्यांवर एका गुणाच्या फरकाने किंमत कित्येक पट बदलू शकते. म्हणून घरी चिंच, लिंबू किंवा पॉलिश लावून नाणे कधीही चकचकीत करू नये. शतकानुशतके चढलेली काळसर झाक एकदा गेली की परत येत नाही, आणि घासण्याचे बारीक ओरखडे जाणकाराच्या नजरेतून सुटत नाहीत.

बनावट नाण्यांचा धंदा जुना आहे. कार्ल विल्हेल्म बेकर हा जर्मन माणूस (मृत्यू १८३०) स्वतः ठसे कोरून ग्रीक आणि रोमन नाणी पाडत असे आणि ती झिजलेली दिसावीत म्हणून लोखंडाच्या किसाने भरलेल्या डब्यात घालून, तो डबा घोडागाडीला बांधून फिरायला निघत असे. आज त्याची बनावट नाणीही हौसेने जमवली जातात! बहुतेक फसवणूक मात्र इतक्या कौशल्याची नसते. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली नाणे तिरपे धरा. ठशाखाली घणाने पाडलेल्या नाण्यात धातू दाबाने बाहेर पसरलेला असतो, त्यामुळे अक्षरांपासून कडेकडे जाणाऱ्या अतिशय बारीक रेषा दिसतात आणि अक्षरांचे कोपरे धारदार असतात. साच्यात ओतलेल्या नकलेचे कोपरे गोलसर, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे आणि कडेवर कानस मारून लपवलेली जोडाची रेघ असते. दुसरी खूण मला याहून खात्रीची वाटते. प्राचीन काळची दोन नाणी एकाच ठशाची असू शकतात, पण दोन्हींचा आकार, ठसा एका बाजूला सरकल्याचे प्रमाण आणि झिजेची जागाही तंतोतंत सारखी असेल, तर किमान एक नक्कीच नक्कल आहे. जुन्या लिलावांची छायाचित्रे धुंडाळण्यात जाणारा वेळ म्हणूनच सत्कारणी लागतो.

आता सर्वांत महत्त्वाची बाब, म्हणजे नाणे आजवर कोणाकोणाकडे होते याची मालिका. ज्युलियस सीझरच्या हत्येनंतर मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसने इसवी सनपूर्व ४२ च्या सुमारास एक नाणे पाडले. त्याच्या एका बाजूला स्वतःचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला दोन खंजिरांच्या मधोमध मुक्त झालेल्या गुलामाची टोपी आहे. खाली हत्येच्या दिवसाचा, म्हणजे १५ मार्चचा, उल्लेख आहे. चांदीतले नमुने अधूनमधून विक्रीला येतात, सोन्यातले मात्र तीनच ज्ञात आहेत. त्यांतील एक २०२० साली लंडनच्या लिलावात सुमारे ३२ लाख पौंडांना गेले. नाणे अस्सल होते, परंतु मालकीचा सांगितलेला इतिहास खोटा निघाला आणि २०२३ साली अमेरिकी तपास यंत्रणेने ते ग्रीसच्या स्वाधीन केले. युनेस्कोने सांस्कृतिक वारशाच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध १९७० साली करार केला, तेव्हापासून त्या सालाआधीची छापील नोंद असलेले प्राचीन नाणे निर्धास्तपणे घेतले जाते आणि त्यासाठी लोक जादा पैसेही मोजतात. ‘एका जुन्या युरोपीय संग्रहातून’ एवढेच वर्णन असेल, तर संग्रह कोणाचा, कोणत्या लिलावात आणि कितव्या क्रमांकावर, हे विचारावे. उत्तर गुळमुळीत आले तर मी बोली लावत नाही.

प्रत्यक्ष बोलीच्या वेळी हिशेब आधी कागदावर मांडा. हातोडा १,००० वर पडला, म्हणजे शेवटची बोली तेवढी ठरली, आणि खरेदीदाराकडून घेतले जाणारे कमिशन २० टक्के असेल, तर १,२०० होतात; वर टपाल, विमा आणि आपल्या देशाचे आयात शुल्क येते. आपली कमाल बोली हा सगळा खर्च वजा करून ठरवावी. नाणे बनावट निघाल्यास किती मुदतीत परत घेतले जाईल, हे अटींमध्ये वाचून घ्यावे. अनेक नाणी एकत्र विकल्या जाणाऱ्या गठ्ठ्यांना बहुधा ही सवलत नसते. मूळ देशाचा निर्यात परवाना लागत असल्यास तो कोण काढणार, हेही आधीच लेखी विचारावे.

नाण्यासोबत आलेली जुनी चिठ्ठी, कागदी पाकीट आणि पावती टाकून देऊ नये. लिलावाच्या कॅटलॉगमधील त्या पानाची प्रतही तिथेच ठेवावी. पुढे हेच नाणे आपण विकायला काढाल, तेव्हा लिलावगृह पहिल्यांदा तीच मागेल.