ट्रान्सफॉर्मर्समध्ये परग्रहावरचे रोबोट असताना हिरो तो शाळकरी पोरगाच का?

कारण प्रेक्षकाला आत शिरायला एक माणूस लागतो. २००७ च्या पिक्चरमध्ये हा पोरगा, सॅम, पहिली गाडी घेतो आणि ती रोबोट निघते, म्हणजे आपल्याला बरंचसं त्याच्याबरोबरच कळतं, रोबोट पण थोडे थोडे करून दाखवतात. त्या गाडीचा, म्हणजे बंबलबीचा, आवाज गेलेला म्हणून तो रेडिओवरच्या गाण्यांतून बोलतो, हे मला सगळ्यात भारी वाटलं, जवळपास एकाही डायलॉगशिवाय जीव लागतो त्याच्यावर. बाकी सॅमच्या खापरपणजोबांच्या चष्म्यावर ऑलस्पार्कचा (रोबोटना जीव देणारा तो ठोकळा) पत्ता कोरलेला वगैरे निव्वळ जुगाड आहे, पोराला गोष्टीत अडकवायला. रोबोटना इंग्रजी कसं येतं? तर म्हणे इंटरनेटवरून शिकलो, एका वाक्यात विषय संपला. माणसं नकोच असतील तर २०२४ चा ट्रान्सफॉर्मर्स वन बघा, सगळा रोबोटांच्या ग्रहावर, सायबरट्रॉनवरच घडतो.