स्वीकार आणि सजगतेवर आधारित थेरपीची कौशल्यं घरच्या घरी शिकता येतात का?
सुरुवात नक्की करता येते. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांच्या 'ॲक्ट' (ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी) पद्धतीतलं एक तंत्र मला सगळ्यात कामाचं वाटतं. 'मला हे जमणार नाही' असं मनात आलं की त्याच्याशी हुज्जत घालायची नाही; 'मला हे जमणार नाही, असा विचार आलाय' एवढंच म्हणायचं. सुरुवातीला खुळ्यासारखं वाटतं. विचार जातोच असं नाही, पण त्याची पकड सैल होते.

सजगतेसाठी, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्यासाठी, जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये सुरू केलेला कार्यक्रम ८ आठवड्यांचा असतो. त्यात एकच बेदाणा सावकाश खायला लावतात. तुम्ही चहाच्या पहिल्या घोटावर करून बघा: कपाची ऊब, आल्याचा झणका. मोबाइल मात्र लांब.

आणि स्वीकार म्हणजे मुकाट सोसणं नव्हे. डोळे मिटल्यावर जुने आघात उसळून येत असतील तर एकट्याने रेटू नका. 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.