खांद्याचे दुखणे वयावर ढकलू नका

प्रश्न : माझे थोरले बंधू २७ वर्षांपूर्वी गुऱ्हाळघराच्या छपरावरून पडले, तेव्हापासून ते चाकाच्या खुर्चीवर आहेत. आता ५४व्या वर्षी पलंगावरून खुर्चीत सरकताना त्यांचा उजवा खांदा दुखतो. हे वयामुळेच का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : केवळ वयामुळे नव्हे. तुमच्या बंधूंप्रमाणे मज्जारज्जूला, म्हणजे पाठीच्या कण्यातील मज्जातंतूंच्या जुडग्याला, इजा झालेल्या व्यक्तींचा वर्षानुवर्षे मागोवा घेणारे संशोधन अमेरिकेत १९७३ पासून होत आले आहे, आणि अशा अभ्यासांत वयाबरोबरच इजेनंतर लोटलेली वर्षेही मोजली जातात, कारण पायांचे काम इतकी वर्षे खांद्यांनी केलेले असते. तळहात गादीवर रोवून सगळे शरीर उचलताना खांद्याच्या सांध्यावर येणारा भार एकदा जवळून पाहा. पलंग व खुर्ची एकाच उंचीवर आणून मध्ये गुळगुळीत फळी ठेवल्यास तो बराच हलका होतो. मात्र आधी फिजिओथेरपिस्टला खांदा दाखवा. बॅटरीवरची खुर्ची घेणे म्हणजे हार मानणे, असे अनेकांना वाटते. मला ते मुळीच पटत नाही. मूत्रपिंडांची तपासणी दरवर्षी करावी, आणि बैठकीच्या जागेची त्वचा रोज आरशात पाहावी, कारण तिथली जखम त्यांना दुखून कळणार नाही.